नारिंगी कोट

तो नारिंगी कोट मीच आणला होता, हे आधी सांगून टाकते. टॅव्हिस्टॉकच्या बाजारात दुकानदाराने आधी हिरवा दाखवला, मग तपकिरी दाखवला. मी म्हटलं, "हे नकोत. मला असा द्या की माणूस मैलावरून दिसला पाहिजे." तेव्हा त्याने हा काढला. नवऱ्यासाठी नारिंगी आणि माझ्यासाठी त्याच बनावटीचा निळा, दोन्हींना आतून राखी अस्तर. हेडलीने घरी कोट उलगडून पाहिला आणि म्हणाला, "हा घालून गेलो तर मेंढरं मला सोडून पळतील, पोरी." मी म्हटलं, "पळू देत. मला तू सापडलास म्हणजे झालं."

तो मला अजून पोरी म्हणतो. मी सहासष्ट वर्षांची आहे आणि माझा डावा गुडघा त्याहून म्हातारा आहे, पण इकडे डार्टमूरच्या माळावर बायकांना असंच म्हणतात. मी मूळची प्लिमथची, बंदरावरची. त्रेचाळीस वर्षांपूर्वी या पेरीमनांच्या घरात आले, तेव्हा सासऱ्यांनी मला पहिली गोष्ट कोणती सांगितली असेल? माळावर वाट चुकली तर कोट काढायचा, उलटा करायचा आणि तसाच पुन्हा घालायचा. का, तर पिक्सींचा चकवा लागतो. ती एवढीएवढीशी माणसं धुक्यात तुमची वाट फिरवून ठेवतात. कोट उलटा घातला की त्यांना तुम्ही ओळखू येत नाही आणि वाट मोकळी होते. धुकं निवळलं की मात्र कोट लगेच सुलटा करायचा, नाहीतर त्यांना वाटतं तुम्ही त्यांची चेष्टा करताय. मी इतकी हसले, इतकी हसले की सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं.

हेडली मात्र पाळायचा. सत्तर वर्षांचा झाला तरी पाळायचा. धुक्यातून घरी आला की त्याची बाही कुठेतरी अर्धवट आत राहिलेली असायची, आणि मी विचारायची, "काय, आज भेटले का तुझे दोस्त?" तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. नुसता बूट काढत बसायचा.

आता चौदा ऑक्टोबरचं सांगते.

चौदा ऑक्टोबरला आम्ही दोघं कळपाकडे जातो. कळप म्हणजे मेंढरं नव्हेत. आमच्या घरापासून तीन मैलांवर, माळाच्या पार मधोमध, दगडांचं एक रिंगण आहे. एकोणीस दगड आहेत, कंबरेएवढे, कुणी आणि कधी उभे केले देव जाणे. लांबून बसलेल्या मेंढरांसारखे दिसतात, म्हणून सगळे त्याला कळप म्हणतात. हेडली तिथे पोचला की आधी दगड मोजतो. मेंढरं बोट नाचवत मोजतो तसंच, आणि एकोणीस भरले की मान हलवतो. मग तिसऱ्या दगडापाशी जातो.

तिथे आमची मुलगी आहे. १९५४ साली या तारखेला ती जन्मली, पण श्वास न घेताच. तेव्हाचे पाद्रीबुवा म्हणाले, बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा देवळाच्या आवारात जागा देता येणार नाही, भिंतीबाहेर बघा कुठेतरी. हेडली एक शब्द बोलला नाही. त्याने कोकरांच्या खोपटाच्या फळ्या काढल्या, पेटी केली आणि काखेत धरून तीन मैल चालत गेला. मी अंथरुणात होते. संध्याकाळी परत येऊन म्हणाला, "चांगल्या सोबतीत ठेवलंय तिला." नावही त्यानेच ठेवलं, टॅम्सिन. मी ते नाव तोंडातून कधी काढलं नाही. मला ते जमलंच नाही. पण दरवर्षी त्याच्याबरोबर जात राहिले. आमच्या ओढ्यातला एक पांढरा गोटा तो खिशातून न्यायचा आणि त्या दगडाच्या पायाशी ठेवायचा.

या वर्षी मी ठरवलं होतं की आता पुरे. हे घर, हा चिखल, हा वारा, हा गुडघा, सगळंच पुरे. टॅव्हिस्टॉकला एक बैठं घर बघून ठेवलं होतं, जिना नसलेलं. वसंतात आमची कुत्री फ्लाय मेली तेव्हाही मी त्याला दुसरी आणू दिली नाही. आता जायचंच आहे, तर कुत्री कशाला? तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. हा त्याचा स्वभाव. बोलणं सगळं माझ्याकडे, गप्प बसणं सगळं त्याच्याकडे.

त्या सकाळी न्याहारी करताना एकदम म्हणाला, "आपण खाली राहायला गेलो तर तिच्याकडे कोण जाणार?"

झालं. माझं तोंड सुटलं.

"तिच्याकडे म्हणजे कुणाकडे? बेचाळीस वर्षं झाली, हेडली! तिथे काही राहिलेलं नाही आता. दगड आहेत नुसते. मी येणार नाही. आज नाही आणि पुन्हा कधीच नाही. या पायाने तर नाहीच नाही."

तो बुटांच्या नाड्या बांधायला लागला. मी बशा धुवायला पाठ फिरवली, आणि त्याच्या त्या गप्प बसण्याने माझं डोकं आणखीच फिरलं. भांड्यांत हात घालून, खिडकीकडे तोंड करून मी ओरडले, "जा! जा तुझ्या दगडांकडे! परत नाही आलास तरी चालेल मला!"

मी वळले तेव्हा दार लागत होतं, आणि टेबलावर त्याचं कानातलं मशीन पडलं होतं.

हे मशीन नीट समजून घ्या. हेडलीला पाच वर्षांपासून ऐकू कमी येतं. मशीन लावलं की येतं, काढलं की कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही. भांडण वाढलं की तो मशीन काढून समोर ठेवतो. झालं, त्याच्यापुरतं भांडण संपलं. मी मग भिंतींशी भांडत बसते. एरवी मी त्यावर चिडते, पण त्या दिवशी मला एकच गोष्ट खायला लागली. मशीन त्याने कधी काढलं? माझ्या त्या शेवटच्या वाक्याच्या आधी, की नंतर?

आधीच काढलं असणार, मी स्वतःला सांगितलं. नेहमी आधीच काढतो. बशा पुसून झाल्या तरी मी तेच सांगत होते.

दहाला धुकं उतरलं. आमच्याकडे ते येतं तेव्हा विचारून येत नाही, अंगणातली भिंतसुद्धा दिसेनाशी होते. बारापर्यंत तो यायला हवा होता. साडेबारा झाले. एक वाजता मी पलीकडच्या शेतावर क्लेम हॅनफर्डला फोन केला.

क्लेम हसला. "काकू, हेडलीकाका हरवेल? अहो, काका हरवला तर माळच हरवला असेल."

"क्लेम, त्याच्या कानात मशीन नाही. कुणी हाक मारली तरी त्याला ऐकू जायचं नाही."

मग तो हसला नाही. अर्ध्या तासात बायकोला, डॉटला, घेऊन आला आणि त्याने बचाव पथकाला कळवलं. दोनपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात दहा-बारा माणसं, ओले बूट आणि टेबलभर नकाशा. पथकाच्या मुख्य व्हिडन बाई, एरवी शाळेत गणित शिकवतात, तशाच पद्धतीने एकेक विचारत होत्या. वय? सत्तर. औषधं? हृदयाच्या गोळ्या. अंगात काय?

"नारिंगी कोट," मी म्हणाले. "मैलावरून दिसेल." आणि खरं सांगते, त्या क्षणी मला जरा बरं वाटलं. निदान एक गोष्ट तरी मी बरोबर केली होती.

"घरून निघताना काही बिनसलं होतं का? रागात वगैरे?"

"छे," मी म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं.

तीन वाजता धुकं उठलं. माझ्या जिवात जीव आला, म्हटलं आता कितीसा वेळ. बाईंच्या वायरलेसवर क्लेमचा आवाज आला. तो कळपाच्या अलीकडच्या कड्यावर पोचला होता. "कळप समोर दिसतोय. मध्ये सगळी दलदल आहे, पण इथून स्वच्छ दिसतंय. दुर्बिणीतून बघतोय. दगडच आहेत. नारिंगी काही नाही. शिट्ट्याही मारल्या."

"मग तिथपर्यंत पोचलेच नाहीत," बाई म्हणाल्या. "पश्चिमेच्या दलदलीत बघा. आणि नदीकाठी."

पश्चिमेची दलदल म्हणजे वरून मऊ हिरवं गवत आणि खाली तळ नाही. तिला इकडे पिसांची गादी म्हणतात. आमचा एक तट्टू त्या गादीत गेला होता, त्याचे कानसुद्धा पुन्हा दिसले नाहीत. बाई स्वतःही बाहेर पडल्या आणि मला बजावून गेल्या, तुम्ही फोनपाशी बसा.

मी बसले. डॉटने तिसऱ्यांदा चहा केला. डॉट मनाने चांगली आहे, पण तिची जीभ थांबत नाही.

"चकवाच लागला असणार," ती म्हणाली. "तुम्ही हसता काकू, पण माझ्या आजोबांना—"

"डॉट, आणखी एक शब्द बोललीस तर ही किटली फेकून मारीन."

ती रडायला लागली. मलाही रडू येत होतं, पण माझं रडणंसुद्धा रागाच्या रूपाने बाहेर पडतं, त्याला मी काय करू? मी उठले. मशीन काड्यापेटीत घातलं आणि पेटी खिशात. दाराजवळची हेडलीची मेंढरांची शिट्टी गळ्यात अडकवली, निळा कोट चढवला आणि मागच्या दाराने निघाले. मशीन कशासाठी घेतलं? सापडला तर त्याला ऐकू यायला नको? मला त्याच्याशी बोलायचं होतं. ते वाक्य परत घ्यायचं होतं. आणि ते त्याने ऐकलं असेल-नसेल, तो जिवंत असेल-नसेल, मला घरात बसवत नव्हतं.

भिंतीच्या खिंडारातून वर, पीट, म्हणजे जळणाची माती, वाहायच्या गाडीवाटेने, ओढा ओलांडून. बेचाळीस वर्षं ही वाट चालले होते, पण त्याच्या मागून. त्याच्या टाचा बघत चालायचं आणि तोंडाने कुरकूर करायची, एवढंच माझं काम असायचं. एकटी मी तिथे कधी गेलेच नव्हते. वारा समोरून होता. गुडघा पहिल्याच चढाला बोलायला लागला, मी म्हटलं, तू गप्प बस, आज तुझं कुणी ऐकणार नाही.

चार वाजता धुकं परत आलं. ओढ्यापलीकडे दीड मैल आले असेन. आधी टेकाडं गेली, मग वाट, आणि मग माझे स्वतःचे बूट धूसर झाले. मी चालत राहिले. थोड्या वेळाने एक गंजका न्हाणीचा टब लागला, तट्टांना पाणी प्यायला क्लेमच्या बापाने कधीतरी आणून टाकलेला. ठीक आहे, म्हटलं, टब म्हणजे अर्धी वाट. त्याला उजवीकडे ठेवून पुढे गेले. वीस मिनिटांनी पुन्हा टब. मी म्हटलं, दुसरा असेल. माळावर टब काय एकच असतो? डावीकडे ठेवून गेले. पाय दोनदा मांडीपर्यंत चिखलात गेला, एकदा बूट तिथेच राहिला, तो उपसून काढला. आणि पुन्हा तोच टब, त्याच्या कडेला माझ्याच बुटाचा ताजा ठसा.

मी त्या टबाला लाथ घातली. दुखऱ्या पायाने, अर्थात. मग खाली बसले आणि मोठमोठ्याने रडले. तिथे ऐकायला कोण होतं? हेडली इथून कुठेतरी हजार पावलांवर मरत असेल आणि मी टबाभोवती प्रदक्षिणा घालतेय. हाक मारून उपयोग नाही, शिट्टी मारून उपयोग नाही. माझं शेवटचं वाक्य त्याच्या कानात असेल किंवा नसेल, आणि मला कधीच कळणार नाही.

आणि मग मी ते केलं. मनातल्या मनात म्हटलं, एनिड, तू बावळट आहेस, अर्धवट आहेस, प्लिमथच्या तुझ्या आईने पाहिलं तर हसून मरेल. पण बोटं आपोआप बटणं काढत होती. कोट काढला. थंडीने दात वाजायला लागले. बाह्या उलट्या केल्या, आतलं बाहेर काढलं आणि पुन्हा अंगात घातला.

बटणं लावायला खाली पाहिलं आणि माझा निळा कोट नव्हताच. राखी. गळ्यापासून मांडीपर्यंत सगळं राखी. धुक्यात माझा हात मलाच दिसेना.

अगं, दहा वाजता धुकं आलं तेव्हा तो माळावर होता. त्याने काय केलं असेल? सत्तर वर्षं धुक्यात त्याने जे केलं तेच. डझनभर माणसं दुपारपासून जो नारिंगी रंग शोधतायत तो माळावर नाहीच. तो आत आहे, त्याच्या सदऱ्याला चिकटलेला. आणि मी त्यांना छाती पुढे काढून सांगितलं, मैलावरून दिसेल!

'दुर्बिणीतून बघतोय. दगडच आहेत.'

मी उठले. चकवा सुटला म्हणा, नाहीतर डोकं ठिकाणावर आलं म्हणा. टबाच्या कडेवरून पाणी सांडत होतं आणि एक बारीक धार गवतातून खाली चालली होती. ती धार ओहळाला मिळते, आणि तो ओहळ कळपाच्या खालून जातो. ते मला माहीत होतं, कारण हेडली तिथे दरवर्षी थांबून पाणी पितो आणि मी दरवर्षी म्हणते, त्यात मेंढी मेलेली असेल. मी धारेत पाय घातला आणि पाण्यातूनच चालत राहिले. वाट पाहिलीच नाही, फक्त पाणी पाहिलं.

कळपापाशी आले तेव्हा धुकं जरा विरळ होतं. दगड एकेक करून पुढे आले, ओले आणि राखी. हाक मारण्यात अर्थ नव्हता. मी पहिल्या दगडाला हात लावला आणि मोजायला लागले. तो मोजतो तसं, बोट नाचवत. एक, दोन, तीन. तिसऱ्यापाशी पांढरे गोटे दिसले, त्यांच्यावर एक नवा, अजून चकाकणारा. म्हणजे पोचला होता. चार, पाच. दहा. माझा आवाज चिरकत होता. सतरा. अठरा. एकोणीस.

वीस.

विसावा दगड उरलेल्यांपेक्षा बुटका होता. पहिल्या दगडाच्या पलीकडच्या अंगाला, वाऱ्याच्या आडोशाला, गुडघे पोटाशी घेऊन आणि टोपी कानांवर ओढून बसला होता.

"हेडली!"

विसरले होते ना, ऐकू येत नाही. मी गेले, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. थंडगार. ओठ निळे. पण डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी किती बोलले त्याला काही सुमार नाही. शिव्या, देवाचं नाव, पुन्हा शिव्या. मग काड्यापेटी काढली. बोटं काम करत नव्हती, मशीन दोनदा गवतात पडलं. शेवटी कानात बसलं आणि शीळ घातल्यासारखं वाजलं.

"हळू," हेडली म्हणाला. "ऐकू येतंय आता."

त्याचा आवाज अगदी खोलातून येत होता. उजवा पाय विचित्र वळलेला होता. येताना नव्हे, गोटा ठेवून झाल्यावर निघताना खाचेत गेला, म्हणाला. मी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि मेंढरांना बोलवायची ती लांब शीळ पुन्हा पुन्हा मारली. बऱ्याच वेळाने पश्चिमेकडून एक बारीक उत्तर आलं. क्लेमची शिट्टी. येत होते.

मग मी माझा कोट काढून त्याच्या पायांवर घातला आणि त्याला मिठी मारून बसले. त्याने माझ्या कोटाचं अस्तर चिमटीत धरलं.

"उलटा घातला होतास."

"हो."

"चकवा लागला?"

"लागला."

"त्रेचाळीस वर्षं हसलीस, पोरी."

"आता नाही हसणार. ऊठ, तुझा सुलटा करू दे, येणाऱ्यांना दिसायला हवा." मी त्याची बटणं काढायला लागले. आणि तेव्हा मला सुचलं. बोटं बटणावरच थांबली. "हेडली, तीनला धुकं उठलं होतं. तासभर सगळं स्वच्छ होतं. धुकं निवळलं की कोट सुलटा करायचा ना? तुमचाच नियम. क्लेम त्या कड्यावर उभा होता दुर्बीण घेऊन."

"दिसला."

"कोण दिसला?"

"क्लेम. लाल टोपी घातली होती त्याने."

"दिसला? मग हात का नाही वर केलास? कोट का नाही सुलटा केलास?"

तो तिसऱ्या दगडाकडे बघत होता. मला वाटलं, पुन्हा गेला आपल्या गप्प बसण्यात, आता विळीवर धरला तरी बोलणार नाही. पण बोलला.

"तू म्हणालीस, परत नाही आलास तरी चालेल."

"ते ऐकलंस तू?"

"मशीन त्यानंतर काढलं." त्याने ओठ ओले केले. "पुढे आणखी काही येऊ नये म्हणून."

वारा कोटाच्या कडा उडवत होता. दूरवर माणसांचे आवाज यायला लागले होते.

"मग इथे बसलो. पाय असा. म्हटलं, क्लेम नेईल, ते कळलं. पण तुलाच चालणार नसेल तर कशाला जायचं? आणि हिच्याजवळ निदान…" तो थांबला. "तू येतेस का ते बघत होतो."

माझा हात वर गेला होता. खरंच वर गेला होता, थोबाडीत मारायला. हृदयाच्या गोळ्या खाणारा माणूस, सात तास त्या थंडीत, आणि बघत होता म्हणे! मग तो हात मी त्याच्या गालावर ठेवला, कारण दुसरं काय करणार? मी म्हणाले, "आले ना मी." आणि मग, त्याला ऐकू जावं म्हणून मशीनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "टॅम्सिनकडे आले. तुझ्याकडे आले." ते नाव पहिल्यांदा माझ्या तोंडातून निघालं. त्याने मान हलवली, एकोणीस भरल्यावर हलवतो तशी.

क्लेम धुक्यातून आला तेव्हा मी घाईघाईने हेडलीची बाही सुलटी करत होते. नारिंगी रंग अर्धाच बाहेर आला होता. क्लेम मटकन गुडघ्यांवर बसला. "मी बघितलं होतं हो काकू, आईशप्पथ बघितलं होतं. दगडच दिसले."

"तुझी काही चूक नाही," मी म्हणाले. "कोट उलटा होता."

हेडलीच्या पायाची दोन बोटं गेली. बाकी वाचला. तीन आठवडे रुग्णालयात होता. तो घरी आला त्या दिवशी डॉट केक घेऊन आली, आणि व्हिडन बाईही आल्या, कागद पुरा करायचा होता म्हणून. धुकं उठल्यावरही साहेब दिसले कसे नाहीत, कोट सुलटा का केला नाही, एवढंच त्यांना लिहायचं राहिलं होतं. हेडली खुर्चीत होता. मशीन कानात होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"चकवा," मी म्हणाले. "पिक्सींचा. तो लागला की धुकं उठलं तरी माणसाला आपण कुठे आहोत ते कळत नाही. लिहा तसं."

डॉटने केकची सुरी खाली ठेवली. "अगंबाई! काकू, तुम्ही तर हसायचात!"

"हसायची," मी म्हणाले, आणि केक कापायला घेतला.